तीन वर्षे आणि पंधरा दिवस

वर्सोव्यात पंचवीस-तीस वर्षे राहिलेल्या कुणाकडे विजेची जुनी बिले जपून ठेवलेली असतील, तर ती एकदा सनावळीने लावून पाहावीत. घर तेच, जिन्याखालची मीटरची पेटी तीच. बिलाच्या माथ्यावरचे नाव मात्र बदलत गेलेले दिसेल. १९२९ साली स्थापन झालेली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे उपनगरवासीयांच्या तोंडी बसलेली ‘बीएसईएस’, २००३मध्ये रिलायन्सच्या ताब्यात गेली. मग बिलावर रिलायन्स एनर्जी आले, नंतर रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर, आणि ऑगस्ट २०१८पासून अदानी इलेक्ट्रिसिटी. आमच्याकडे, यारी रोडला काय किंवा सात बंगल्याला काय, मीटर वाचायला कुणी आले की जुनी माणसे अजूनही ‘बीएसईएसवाला आलाय’ असेच म्हणतात. ग्राहकाच्या दृष्टीने फार काही बदललेले नसते. पण ज्याच्या गणवेशावरचे नाव पंधरा वर्षांत इतक्या वेळा बदलले, त्याला त्या बदलांत कुणी काही विचारले होते का, आणि त्याच काळात वरच्या मजल्यावर बसणाऱ्याला काय विचारले गेले, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत आला आहे. मी नोकरीभर हिशेब खात्यात होतो. त्यामुळे प्रश्नाचे उत्तर शोधताना भावनांपेक्षा कलमे आणि आकडे यांच्याकडेच मी आधी वळलो.

कंपनी ताब्यात घेतली जाते तेव्हा अधिकाऱ्यांना एक वागणूक मिळते आणि कामगारांना दुसरी, ही तक्रार जुनी आहे. तिचे खापर आपण बहुधा नव्या मालकाच्या स्वभावावर फोडतो. मालकांचे स्वभाव असतातही तसे. परंतु जे वाचले त्यावरून माझे मत असे झाले आहे, की या दुजाभावाचा सांगाडा १९५६ आणि १९५७ या दोन वर्षांत कायद्यानेच उभा केला, आणि त्याची एक बाजू थेट आपल्या सोलापूर जिल्ह्यातून आली.

ती गोष्ट सांगण्याआधी एक फरक स्पष्ट करायला हवा. कंपनी हातची जाण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली, समभाग विकत घेण्याची. कंपनी जागच्या जागी राहते, फक्त तिचे मालक असलेले भागधारक बदलतात. २००३मध्ये बीएसईएसचे झाले ते असे. या वाटेने कायद्याच्या लेखी कामगाराचा मालक बदललेलाच नसतो, कारण त्याचा मालक म्हणजे कंपनी, आणि कंपनी तर तिथेच आहे! त्यामुळे त्याला विचारण्याचा, भरपाई देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरी वाट, धंदाच उचलून दुसऱ्याच्या हवाली करण्याची. कारखाना, यंत्रे, माल, येणी-देणी सगळे एकरकमी. तिसरी, विलीनीकरणाची: एक कंपनी दुसरीत विरघळते आणि पहिलीचे अस्तित्व संपते. २०१८मध्ये मुंबईच्या वीजधंद्याचे हस्तांतर झाले त्यात पहिल्या दोन्ही वाटा एकामागून एक वापरल्या गेल्या. आधी धंदा एका वेगळ्या उपकंपनीत नेला आणि मग त्या उपकंपनीचे सगळे समभाग विकले. खांबावर चढणाऱ्या माणसाला हा तपशील ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याचा हक्क कोणता, हे नेमके याच तपशिलावर ठरते.

आता बार्शीकडे. बार्शी लाइट रेल्वे ही लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीची अडीच फुटी रुळांची गाडी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने ती उभी केली. १८९७मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत ती धावू लागली, आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरज असे तिचे हातपाय पसरले. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी खचाखच भरून जाणारी हीच ती गाडी. १८९५च्या मूळ करारात सरकारला एक हक्क राखून ठेवलेला होता: आगाऊ नोटीस देऊन सरकारने ही रेल्वे विकत घ्यावी. डिसेंबर १९५२मध्ये सरकारने तशी नोटीस दिली आणि १ जानेवारी १९५४पासून रेल्वे ताब्यात घेण्याचे ठरले. नोव्हेंबर १९५३मध्ये कंपनीने आपल्या सगळ्या कामगारांना कळवले की ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर तुमची नोकरी संपली. सरकार तुमच्यापैकी ज्यांना यायचे असेल त्यांना घेणार आहे. कोणत्या अटींवर, ते मागाहून कळेल.

बहुतेकांना सरकारने घेतलेही. काहींना आधीपेक्षा खालच्या वेतनश्रेणीत बसवले, मोजक्यांनी जायला नकार दिला. तेव्हा कामगारांचा प्रश्न असा होता, की जुन्या कंपनीने आम्हाला काढले की नाही? काढले असेल तर भरपाई द्या. कारण त्याच वर्षी, ऑक्टोबर १९५३मध्ये, औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीचे नवे कलम आले होते: कपात केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. कलम नवे कोरे, शाई वाळायची होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेले. बार्शी लाइट रेल्वे कंपनी विरुद्ध के. एन. जोगळेकर, आणि त्याच्याच सोबत बडोद्याच्या एका गिरणीचे, हरिप्रसाद शिवशंकर शुक्ल यांचे प्रकरण, अशी दोन अपिले एकत्र चालली. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल लागला तो कामगारांच्या विरुद्ध. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: कपात म्हणजे चालू धंद्यातली जास्तीची माणसे कमी करणे. धंदाच जेव्हा प्रामाणिकपणे बंद होतो किंवा दुसऱ्याकडे जातो, तेव्हा सगळ्यांचीच नोकरी संपते. तिला कपात म्हणता येत नाही. कपात नाही म्हणून भरपाई नाही.

शब्दार्थाने हा निकाल खोडून काढणे अवघड आहे. पण त्याचा परिणाम असा झाला, की दहा माणसे काढणाऱ्याने भरपाई द्यायची आणि सगळीच माणसे काढून धंदा विकणाऱ्याने काहीच द्यायचे नाही. सरकारलाही हे पटले नसावे. एप्रिल १९५७मध्ये वटहुकूम निघाला, पाठोपाठ दुरुस्ती कायदा झाला आणि कामगारविषयक वकिलांना तोंडपाठ असलेले ‘पंचवीस-एफएफ’ हे कलम नव्या रूपात आले. उपक्रम दुसऱ्याकडे गेला तर कामगाराला जणू कपात झाली आहे असे समजून भरपाई द्यावी, असे ते सांगत असे. त्याला भूतलक्षी प्रभाव दिला तो २८ नोव्हेंबर १९५६पासून. म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. कुर्डुवाडीच्या आणि बार्शीच्या माणसांची नोकरी संपली होती ती १९५३च्या शेवटच्या दिवशी. भारतभरच्या कामगारांना जो हक्क त्यांच्या हरण्यातून मिळाला, त्याच्या कक्षेत ते स्वतः बसले नाहीत.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू त्याच सुमारास दिल्लीत वेगळ्या कागदावर लिहिली जात होती. १ एप्रिल १९५६ रोजी नवा कंपनी कायदा अमलात आला. त्यातल्या ३१८ आणि ३१९ या कलमांत, पद गेल्याबद्दल संचालकाला भरपाई किती व कशी द्यावी हे सांगितले आहे. साध्या संचालकाला काही नाही. पण व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालकाला, उरलेल्या मुदतीचा किंवा तीन वर्षांचा मोबदला, यांपैकी जे कमी असेल ते, आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीने. २०१३च्या कंपनी कायद्यात कलमांचे क्रमांक बदलून १९१ आणि २०२ झाले. तीन वर्षांची मर्यादा तीच राहिली. कामगाराचे पंधरा दिवसही २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत मूळ माप म्हणून टिकून आहेत.

हिशेबनिसाची खोड म्हणा, मी ही दोन मापे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली. वर्षाला पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना. तीन वर्षे म्हणजे छत्तीस महिने. वीस वर्षे राबलेल्या कामगाराच्या पदरात हस्तांतराच्या वेळी कायद्याने पडतात दहा महिन्यांचे पगार. वरिष्ठाच्या छत्तीस महिन्यांशी बरोबरी साधायची तर त्याला सलग बहात्तर वर्षे नोकरी करावी लागेल. अठराव्या वर्षी लागला असेल तर नव्वदाव्या वर्षी तो तिथे पोचेल. (ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी मी यात धरलेले नाहीत, ती कमावून ठेवलेली रक्कम आहे, ताब्यापोटीची भरपाई नव्हे.)

तुलना करताना न्याय दोघांनाही द्यायला हवा. संचालकाची तीन वर्षे ही कमाल मर्यादा आहे, तर कामगाराचे पंधरा दिवस ही किमान हमी. युनियन भक्कम असेल तर स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेत त्याहून बरेच जास्त मिळवते. शिवाय संचालकावरची ती कलमे त्याच्या लाडासाठी लिहिलेली नाहीत. ताबा घेणाऱ्याने संचालकांच्या खिशात रक्कम सरकवायची आणि त्यांनी कंपनी स्वस्तात हवाली करायची, हा प्रकार रोखण्यासाठी ती आहेत. म्हणूनच हस्तांतराच्या संदर्भातली अशी रक्कम भागधारकांपुढे उघड करून सभेची मंजुरी घेणे सक्तीचे आहे. लगाम आहे, हे खरे. पण कुणाच्या वतीने घातलेला लगाम? भागधारकांच्या. संचालकाला जास्त गेले तर भागधारकाला कमी मिळेल, ही त्यामागची काळजी. त्याच रकमेवर कामगाराचाही काही वाटा असू शकेल, हा विचार त्या कलमाला शिवलेला नाही.

बाहेरच्या जगातही आकडा तीनच आहे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. ज्याला अमेरिकेत ‘गोल्डन पॅराशूट’ म्हणतात, त्या सोनेरी छत्रीची पहिली प्रसिद्ध कहाणी १९६१ची. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे प्रमुख चार्ल्स टिलिंगहास्ट यांच्या कराराची. हॉवर्ड ह्यूज यांच्या हाती कंपनी परत गेली आणि आपल्याला काढले, तर काय मिळावे हे त्यांनी आधीच लिहून घेतले होते. पुढे या छत्र्या इतक्या फुगल्या, की १९८४मध्ये अमेरिकी काँग्रेसने सरासरी वार्षिक मिळकतीची तिप्पट ही रेषा ठरवली. ती गाठली की जादा रकमेवर वीस टक्के वेगळा कर. आपल्या मुंबईत कामगाराच्या स्वेच्छानिवृत्तीलाही ‘गोल्डन हँडशेक’ म्हणण्याची रीत पडली. दोन्हीकडे सोने आहेच. कॅरेटचा तेवढा फरक.

पंचवीस-एफएफ कलमाला एक परंतुक होते आणि खरी मेख तिथे होती. कामगाराची सेवा खंडित झाली नाही, नव्या मालकाकडच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी लाभाच्या नाहीत, आणि पुढे कधी कपात झालीच तर जुनी सेवाही धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकाने घेतली, तर हस्तांतराच्या वेळी भरपाई द्यावी लागत नाही. तेव्हापासून विलीनीकरणाच्या जवळपास प्रत्येक योजनेत हे परंतुक शब्दशः उतरवलेले सापडते. कामगारांना ती दयाबुद्धी वाटते. वकील ती पैसे वाचवण्यासाठी घालतात.

याचे मुंबईतले ठळक उदाहरण म्हणजे टोमकोचे. वर्सोव्याहून घाटकोपरकडे जाणारी मेट्रो चकाला स्थानकावर थांबते, तिथून हिंदुस्तान युनिलिव्हरचे आजचे मुख्यालय जवळच आहे. १९९३मध्ये ते बॅकबेला होते आणि कंपनीचे नाव होते हिंदुस्तान लिव्हर. टाटांची टोमको, म्हणजे टाटा ऑइल मिल्स, ही १९१७मध्ये स्थापन झालेली कंपनी; ‘५०१’, ‘हमाम’ आणि दिवाळीच्या अभ्यंगाचा ‘मोती’ हे तिचे साबण. ती तोट्यात आली होती. लिव्हरमध्ये ती विलीन करण्याचे ठरले: टोमकोच्या १५ समभागांना लिव्हरचे २. दोन्ही कंपन्यांच्या भागधारकांनी प्रचंड बहुमताने होकार दिला. त्याला आव्हान दिले त्यांत हिंदुस्तान लिव्हर एम्प्लॉईज युनियन होती. म्हणजे विकत घेतल्या जाणाऱ्या नव्हे, तर विकत घेणाऱ्या कंपनीची युनियन.

हे वरवर चमत्कारिक दिसते, पण त्यांची भीती समजण्यासारखी होती. योजनेत टोमकोच्या माणसांना सेवेत खंड पडणार नाही, शर्ती कमी लाभाच्या होणार नाहीत अशी परंतुकाबरहुकूम हमी होती. पण एकाच छपराखाली दोन वेतनमाने आली, की जास्त पगाराची माणसे आधी डोळ्यांवर येतात. शिवाय उद्या कपात होणार नाही असे कुठेच लिहिलेले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने योजना मान्य केली आणि ऑक्टोबर १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. कामगारांच्या हिताचे जेवढे रक्षण योजनेत करता येते तेवढे केलेले आहे. दोन कंपन्यांच्या कामगारांच्या शर्ती एकसारख्या केल्याच पाहिजेत असे नाही. आणि नोकरीची कायमची शाश्वती तर विलीन न होणाऱ्या कंपनीतही नसते, असा त्या निकालाचा एकूण रोख होता.

त्याच योजनेत दुसरा एक भाग होता, आणि निकाल वाचताना माझे बोट तिथे थबकले. विलीनीकरणाने लिव्हरचे समभाग वाढणार, म्हणजे लंडनच्या युनिलिव्हरचा ५१ टक्के वाटा घसरणार. तो भरून काढायला युनिलिव्हरला सुमारे ३० लाख नवे समभाग दर १०५ रुपयांनी द्यायचे ठरले. त्या वेळी बाजारभाव याच्या तिपटीहून जास्त होता. त्यालाही आव्हान दिले गेले. भागधारकांनी मंजूर केले आहे म्हणून न्यायालयाने तेही राहू दिले. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही मुद्दे वेगळे आहेत. पण एका योजनेच्या एकाच पुडक्यात वरच्या मालकाची जागा घसरू नये म्हणून रुपये-पैशांत आकडा मांडलेला असावा, आणि खालच्या माणसाची जागा घसरू नये म्हणून ‘कमी लाभाच्या नाहीत’ एवढे तीन शब्द असावेत, हे मला बोलके वाटते. त्या तीन शब्दांचे पुढे काय झाले याचा एक धागा शिवडीत सापडतो. लिव्हरच्या शिवडी कारखान्याचे हस्तांतर करून तो बंद केल्याची तक्रार २००६मध्ये अन्न-कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ब्रिटनमधील ओईसीडी संपर्क केंद्रापुढे नेली होती.

पैशाइतकाच मोठा दुजाभाव बातमीचा असतो. ताबा घ्यायचा बेत आधी कुणाला कळतो? कामगारांना आधी सांगता येत नाही याला एक सबळ कारण दिले जाते: अशी बातमी फुटली तर समभागांचा भाव हलतो आणि आतल्या माहितीवर व्यवहार केल्याचा गुन्हा होतो. कारण खरे आहे. पण ज्यांना माहिती असावीच लागते, त्यांनी तिचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. १९९६मध्ये लिव्हरमध्ये ब्रुक बाँड लिप्टनचे विलीनीकरण जाहीर होण्याच्या काही आठवडे आधी लिव्हरने युनिट ट्रस्टकडून ब्रुक बाँड लिप्टनचे ८ लाख समभाग विकत घेतले. सेबीने १९९८मध्ये याला आतल्या माहितीवरचा व्यवहार ठरवून ३ कोटी ४ लाखांची भरपाई फर्मावली. त्याच वर्षी अपिलात तो आदेश रद्द झाला. कोण बरोबर, यावर आजही कायद्याच्या वर्गांत वाद रंगतो. वादात भरपाई मिळण्याजोगा पक्ष म्हणून युनिट ट्रस्ट आहे, बाजार आहे, भागधारक आहेत. जहाजावरचे खलाशी त्यात कुठेच नाहीत.

मी ज्या औषध कंपनीत होतो तिचा ताबा गेला, तेव्हा आम्हाला ते सकाळच्या वर्तमानपत्रातून कळले. दुपारी जिन्याजवळच्या फळ्यावर परिपत्रक लागले: ‘कर्मचाऱ्यांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’ पुढे वर्षअखेरीचे कागद लावताना मला दिसले, की पाच वरिष्ठांची नवी नेमणूकपत्रे त्या बातमीच्या तीन आठवडे आधीच्या तारखेची होती. त्यात बेकायदा काही नव्हते. घेणाऱ्याला ती पाच माणसे हवी होती म्हणून त्याने आधी बोलणी केली. आम्ही मालमत्तेच्या यादीबरोबर जाणार होतो, आमच्याशी कशाला बोलणी करायची?

कायद्याच्या मसुद्यातही ही उतरंड स्पष्ट दिसते. २०१३च्या कायद्याचे कलम २३२ सांगते, की विलीनीकरणाचा परिणाम भागधारकांवर, प्रमुख व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांवर आणि प्रवर्तकांवर काय होईल याचा अहवाल संचालकांनी द्यावा. अहवालाच्या या तरतुदीत कर्मचारी हा शब्द नाही. तो २०१६च्या नियमांत येतो. परिणाम कुणाकुणावर होईल याची तिथली यादी प्रमुख व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांपासून सुरू होते. मग संचालक, प्रवर्तक, इतर सभासद, ठेवीदार, धनको, रोखेधारक, त्यांचे विश्वस्त. आणि सगळ्यात शेवटी ‘कंपनीचे कर्मचारी’. मत देण्याचा हक्क त्यांतल्या भागधारकांना आणि धनकोंना. कामगाराला निदान ऐकून घ्यावे, हे तत्त्व १९८२च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या प्रकरणात तीन विरुद्ध दोन अशा निसटत्या बहुमताने मान्य केले, तेही कंपनी गुंडाळण्याच्या संदर्भात. युरोपात १९७७च्या निर्देशाने हस्तांतराआधी कामगारांच्या प्रतिनिधींना माहिती देणे आणि त्यांच्याशी विचारविनिमय करणे मालकांवर बंधनकारक केले. तिथेही बाजारात समभागांची खरेदी-विक्री चालते आणि ताबेही घेतले जातात. आपल्याकडे मात्र हे अशक्य मानले जाते.

आतापर्यंत मी कामगार आणि संचालक असे दोनच प्रकार बोलत होतो. वर्सोव्याच्या इमारतींत राहणारा बहुतेक नोकरदार यांपैकी कुणीच नाही. पर्यवेक्षकाचे काम आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार असला की माणूस ‘कामगार’ राहत नाही. जुन्या कायद्यात ही मर्यादा २०१०पासून १०,००० रुपये होती, नव्या संहितेत १८,००० आहे. व्यवस्थापकाच्या कामाला तर पगाराची अटही नाही. म्हणजे विभागीय विक्री अधिकारी, हिशेब व्यवस्थापक, वाहिनीतला कार्यकारी निर्माता यांना पंधरा दिवसही नाहीत आणि तीन वर्षेही नाहीत. त्यांच्यापाशी एक नेमणूकपत्र असते आणि त्यात एक ते तीन महिन्यांच्या नोटिशीची ओळ. मीही याच त्रिशंकू वर्गातला. ताब्यानंतर ‘एकाच कामाला दोन माणसे’ म्हणून जी नावे निघतात ती बहुधा इथली, कारण इथे माणूस काढणे सर्वांत स्वस्त पडते. आणि हा वर्ग स्वतःला अधिकारी समजत असल्यामुळे युनियनपासून कटाक्षाने दूर राहिलेला असतो.

आमच्या परिसरात विमान कंपन्यांची बिऱ्हाडे पुष्कळ. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तेव्हा ही विभागणी अनेकांना पहिल्यांदा कळली. दिवाळखोरी संहितेचे कलम ५३ म्हणते, की कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची थकबाकी तारणदार बँकांच्या बरोबरीने. कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांची फक्त १२ महिन्यांची, आणि तीही त्यांच्या मागच्या रांगेत. कंपनी घेणारा एक गट पुढे आला, २०२१मध्ये त्याची योजना मंजूर झाली, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीसाठी अपील न्यायाधिकरणापर्यंत झगडावे लागले, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. पाच वर्षे ज्या ताब्याची वाट पाहिली तो झालाच नाही.

एअर इंडियाचा ताबा मात्र झाला. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटांकडे परत गेली. वर्षभर कुणालाही काढायचे नाही, दुसऱ्या वर्षी काढायचे तर स्वेच्छानिवृत्ती द्यायची, ही अट सरकारने घातली होती. भारतातल्या ताब्यांच्या मानाने ती चांगलीच म्हणायला हवी. पण कलिनाच्या कर्मचारी वसाहतीतली घरे सौद्यात नव्हती. सौद्याबाहेर ठेवलेली मालमत्ता सरकारी कंपनीकडे राहिली, आणि निर्गुंतवणुकीनंतर सहा महिन्यांत घरे सोडण्याचे लेखी द्या, असे कर्मचाऱ्यांना सांगण्यात आले. नोकरी एका मालकाबरोबर गेली, छप्पर दुसऱ्याकडे राहिले. संप करण्याची नोटीस निघाली, उच्च न्यायालयात धाव घेतली गेली. तरी ‘सेवाशर्ती’ या शब्दात राहते घर येते की नाही, या वादात कर्मचाऱ्यांच्या हाती मुदतीपलीकडे फारसे काही लागले नाही.

आणि कर्मचाऱ्यांच्या यादीतही नसलेली माणसे राहिलीच. विजेच्या खांबावर चढणारा अनेकदा ठेकेदाराचा असतो. कंपनी हस्तांतरित झाली तरी तो होत नाही, त्याचा ठेका तेवढा संपतो किंवा चालू राहतो. इथे आरामनगरातल्या जुन्या बराकींमधून मालिकांची कामे चालतात. वाहिन्यांची विलीनीकरणे होतात तेव्हा तिथला संकलक, लेखक, ध्वनिमुद्रक हे कुणाचेच कर्मचारी नसतात. त्यांचा करार असतो तो कामापुरता. असे करार माझ्याकडे अधूनमधून कुणी वाचायला आणून देते. त्यांत बहुधा शेवटच्या पानावर एक ओळ असते: कंपनीला हा करार हवा त्या तिसऱ्या पक्षाच्या नावे करता येईल, काम करणाऱ्याला तो कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कुणाच्याही नावे करता येणार नाही.